अर्धा सूर खाली

११ फेब्रुवारी

काल भावजींचा वरचा सूर लागला नाही.

हे एकदा लिहून टाकलं म्हणजे पुढचं लिहिता येईल. वही नवी आहे, तेव्हा माणसांची ओळख करून द्यायला हवी. जुन्या वहीत सगळे एकमेकांना ओळखत होते. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, गायक. हे, म्हणजे माझे यजमान, चाली बांधायचे. मी दोघांचं बाकीचं सगळं बघायचे: कार्यक्रम ठरवणं, करार वाचणं, आयोजकांशी भांडणं आणि गाण्यांचे हक्क सांभाळणं. म्हणजे कुणी कुठलं गाणं कुठे वापरायचं याची परवानगी देणं किंवा न देणं. न देणं मला जास्त चांगलं जमतं. हे जाऊन काही वर्षं झाली. चाली माझ्या कपाटात आहेत, गळा भावजींकडे आहे, दुकान चालू आहे.

तर काल. उशिराचं गाणं चाललं होतं. त्याचं छापील नाव वेगळं आहे, पण घरात आम्ही त्याला उशिराचं गाणं म्हणतो, कारण सगळे वादक स्टुडिओत येऊन बसले तेव्हा ह्यांचं शेवटचं कडवं अजून व्हायचं होतं. त्या कडव्यात चाल एकदम वर चढते. लोक त्याच जागेसाठी तिकीट काढतात म्हटलं तरी चालेल. भावजींनी तिथे माइक लोकांपुढे धरला आणि हसले. सगळं सभागृह गायलं. लोकांना वाटलं, किती मोकळा माणूस! मी विंगेत उभी होते. माइक पुढे करण्याआधी त्यांनी श्वास भरून घेतला होता आणि तो तसाच सोडून दिला, ते मला दिसलं. पियानोवर बसलेल्या मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या फ्लास्ककडे पाहिलं.

गाडीत भावजी माझ्याशी चांगल्या गप्पा मारत होते. मला एक शब्द धड ऐकू आला नाही.

१२ फेब्रुवारी

सकाळचा फोन केला. ही आमची जुनी रीत. सकाळी चहा झाला की मी भावजींना फोन लावते, ते एक सूर लांब धरून दाखवतात, मी टेबलावरच्या छोट्या कीबोर्डवर तो ताडून बघते. गळा बसलाय, सर्दी आहे, रात्री जागरण झालंय, सगळं त्या एका सुरात कळतं. मग पाच-दहा मिनिटं इकडचं तिकडचं. धाकटी जाऊ एकदा म्हणाली होती, ताई, पुढचे तीन आठवडे कार्यक्रम नाही तरी फोन? मी म्हटलं, गळा काय कार्यक्रमापुरताच असतो का?

आजचा सूर स्वच्छ होता. म्हणजे खालचं सगळं शाबूत आहे, दुखणं फक्त वर आहे.

२० फेब्रुवारी

रेकॉर्ड कंपनीचा साहेब येऊन गेला. मी त्याला मनातल्या मनात गोडबोल्या म्हणते. माणूस वाईट नाही, पण बोलणं असं की त्याच्या वाक्यांवरून घसरून पडायला होतं. दोन गोष्टी घेऊन आला होता.

पहिली: ह्यांची निवडक गाणी भावजींच्या आवाजात, मोठ्या सभागृहात, लोकांसमोर, एका बैठकीत रेकॉर्ड करायची. जूनमध्ये. मी लगेच हो म्हटलं, इतकं लगेच की तो गोंधळला. त्याने समजावण्याची तयारी करून आणली होती. जुनी रेकॉर्डिंग आता खरखरतात. चांगलं, स्वच्छ रेकॉर्डिंग एकदा झालं की मी डोळे मिटायला मोकळी.

दुसरी: एक नवी गाणारी मुलगी आहे, तिला उशिराचं गाणं तिच्या पद्धतीने गायचंय. तिचा नमुना ऐकवू का, म्हणाला. नको म्हटलं. ते गाणं भावजींचं आहे. तो म्हणाला, गाणं तर तुमच्या यजमानांचं आहे ना? मी त्याला चहा विचारला.

२ मार्च

रात्रभर विचार केला आणि मार्ग सापडला. सोपा आहे.

पट्टी उतरवायची. गाणं जिथून सुरू होतं ती जागाच अर्ध्या सुराने खाली आणली की शिखरही तेवढंच खाली येतं. वय झालं की सगळेच गायक करतात. पण गायकाला ते सांगायचं म्हणजे म्हाताऱ्याला काठी आणून देण्यासारखं. देणाऱ्याच्या हाताला हलकी, घेणाऱ्याच्या हाताला जड. भावजींचा सगळा जीव गाण्यात. स्टेज गेलं तर हा माणूस खचेल, हे मला जितकं ठाऊक आहे तितकं त्यांच्या बायकोलासुद्धा नसेल. म्हणून सांगायचंच नाही.

मास्तरांच्या विजेच्या पियानोला एक बटण आहे. ते दाबलं की बोटं नेहमीच्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर पडतात आणि आवाज अर्धा सूर खाली येतो. गिटारवाला आणि व्हायोलिनवाली दोघं ऐकणारी आहेत. मास्तरांनी मात्र खूप आढेवेढे घेतले. म्हणाले, त्यांना कळेल. मी म्हटलं, ते सूर तुमच्याकडूनच घेतात, तुम्ही द्याल तो त्यांचा सूर. मास्तर डोकं खाजवत राहिले. शेवटी म्हणाले, तुमचं म्हणणं डावलून मला या घरात चहा मिळायचा नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची.

९ मार्च

जमलं!

उशिराच्या गाण्यात भावजी वर गेले आणि तिथे उभे राहिले. थोडे काठावर, पण उभे. माइक कुणापुढे धरला नाही. मी विंगेत टाळ्या वाजवल्या, जे मी कधी करत नाही. कार्यक्रम सुरू होताना मास्तरांनी पहिला सूर दिला तेव्हा मात्र भावजी क्षणभर थांबले, मास्तरांकडे बघितलं, मग वळून विंगेत माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, सगळं ठीक आहे अशी. त्यांनीही हलवली. मग गायला लागले.

नंतर म्हणाले, "वहिनी, आज गळा मोकळा होता बुवा." मी म्हटलं, "विश्रांती मिळाली ना, म्हणून." त्यावर ते खूप वेळ हसले. खुशीत होते.

१५ मार्च

एका गाद्यांच्या कारखान्याला त्यांच्या जाहिरातीसाठी उशिराचं गाणं हवंय. माणूस उशिरा घरी येतो आणि गादीवर पडतो, अशी कल्पना आहे म्हणे. नकार लिहिताना इतकी मजा आली की दोन मसुदे केले.

गोडबोल्याचा फोन. मुलीबद्दल पुन्हा विचारलं. गादीवाल्यांच्या पाठोपाठ आल्यामुळे त्याच्या वाट्याला थोडं जास्त आलं.

२४ मार्च

धाकटी आली होती. तिने खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, ताई, या वर्षी अजून किती कार्यक्रम आहेत? मी सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. एवढेच? असं काही म्हणाली नाही, पण मला चेहरे वाचता येतात. माणूस घरात बसून राहिला की बायकोला त्याचं ओझं होतं, हे काय सांगायला हवं? ती गेल्यावर मी चार ठिकाणी फोन केले आणि उन्हाळ्यात आणखी तीन कार्यक्रम पदरात पाडून घेतले. संध्याकाळी तिला कळवलं. तिने आधी तारखा पुन्हा एकदा विचारून घेतल्या. मग म्हणाली, तुम्ही किती करता हो आमच्यासाठी.

मला भरून आलं. ही मुलगी मनातलं बोलत नाही, पण जाण आहे तिला.

३ एप्रिल

फोन बंद. दोन्ही. एक बिघडला आणि दुसऱ्याची कंपनी म्हणते, तुमच्या भागात काम चालू आहे. सकाळी भावजींशी बोलणं झालं नाही. दिवसभर काही सुचेना. कराराचं एकच पान चार वेळा वाचलं, किटलीत पाणी न घालता ती गॅसवर ठेवली. या टेलिफोनवाल्यांच्या नावाने सविस्तर तक्रार लिहिली आहे. माणसाचं काम अडतं, याची यांना काही किंमत नाही.

४ एप्रिल

फोन चालू. भावजी उचलल्यावर नुसतं "हं, बोला" म्हणाले आणि मी थोडा वेळ सूर विचारायचंच विसरले. पूर्वी फोनवर हे बोलतात की भावजी, मला ओळखू यायचं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा मी भावजींनाच ठणकावून सांगितलं होतं, येताना साबण आणा, आणि विसरलात तर घरात येऊ नका. बिचारे तेव्हा दुसऱ्या गावी शिकत होते. पुढच्या सुट्टीत साबणाची वडी घेऊन दारात उभे!

मग त्यांनी सूर लावला तो कीबोर्डवर ताडला, तर सकाळचा त्यांचा सूरही बरोबर अर्ध्याने खाली आलाय. म्हणजे शरीराने नवी पट्टी आपोआप धरली. मास्तरांना कळवलं. मास्तर म्हणाले, आपोआप? मी म्हटलं, हो, आपोआप. मास्तरांना माझं यश बघवत नाही.

१९ एप्रिल

अर्धा सूर पुरला नाही. परवाच्या कार्यक्रमात पुन्हा काठ निसटता निसटता राहिला. त्यामुळे काल आणखी अर्धा. एकूण एक पूर्ण सूर. मास्तरांनी बटण दाबलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी चोरी करतेय आणि त्यांना पोतं धरायला सांगितलंय.

पहिला सूर ऐकून भावजी म्हणाले, "मास्तर, पियानो एसीच्या थंडीने आकसला वाटतं." लोक हसले, मास्तर घामाघूम. भावजींचं हे असं, तोंडाला येईल ते बोलतात आणि नेमकं जागेवर बसतं. त्यांना काय माहीत!

गाणं छान झालं. पण खरं लिहायचं तर उशिराचं गाणं पूर्वीसारखं वाटत नाही. खाली आलं की त्यातली तगमग जाते. हे असते तर भांडले असते. हे म्हणायचे, ती जागा हात पोचतो त्याच्या बोटभर वर ठेवायची, माणसाने टाच उचलली पाहिजे. मी ह्यांच्या गाण्याचं काय करतेय? पण गाणं जरा बसकं झालेलं चालेल. थांबलेलं चालणार नाही.

६ मे

ती मुलगी स्वतः आली. गोडबोल्याने पाठवली असणार. मी दार अर्धंच उघडलं होतं, पण ऊन इतकं होतं की आत घ्यावं लागलं. पंचविशीची असेल. चपला काढून भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या, त्यामुळे थोडे गुण दिले. मी नाही म्हणण्याची तयारी करून बसले, तर तिने परवानगी मागितलीच नाही. तिने विचारलं, शेवटच्या कडव्यात तुमच्या दिरांनी रेकॉर्डमध्ये एक जागा वेगळी घेतलीय आणि कार्यक्रमात ते वेगळी घेतात, तर मूळ कुठली?

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. मूळ कुठली ते मला माहीत आहे. ह्यांनी आधी प्रत्येक चाल मला ऐकवलेली आहे, मी भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. मी सांगितलं, माहीत नाही. ती बरं म्हणाली, पाणी प्यायली आणि गेली.

खोटं का बोलले कोण जाणे. तिला तोडायचं होतं, तर नुसतं नाही म्हणता आलं असतं.

२९ मे

धाकटी भावजींना घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती, मला न विचारता. आता सांगते. डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही, वय आहे. आवाज जपून वापरा. मी म्हटलं, जपूनच तर वापरतोय, मी नाही का बघत? धाकटी म्हणाली, ताई, ह्यांना कधी विचारलंत का? काय विचारायचं? मी रोज सकाळी विचारते. पहिला प्रश्न तोच असतो, गळा कसा आहे?

ती म्हणाली, तो नाही. आणि उठली.

हल्लीच्या बायका अर्धं बोलून उठतात. पुढचं आपण शोधायचं.

१४ जून

आता लिहायला हात चालत नाही, पण आज नाही लिहिलं तर उद्या मी हे वेगळंच लिहीन.

दुपारी सभागृहात उद्याची तालीम होती. सगळ्या तारा लागल्या, माइक लागले, रेकॉर्डिंगवाला वर काचेच्या खोलीत बसला. तिथून तो बोलला की खाली सगळ्यांना भोंग्यातून ऐकू येतं. उशिराच्या गाण्याचं पहिलं कडवं झालं आणि भोंग्यातून त्याचा आवाज आला. त्याने जुनं रेकॉर्डिंग शेजारी लावून ठेवलं होतं, ताडून बघायला. म्हणाला, हे मूळपेक्षा पूर्ण एक सूर खाली आहे, असंच ठेवायचं की चुकून झालंय?

वादकांनी माना खाली घातल्या. मास्तरांचे हात पट्ट्यांवरच राहिले. मला वाटलं, जमीन फाटेल तर बरं. मी भावजींकडे बघूच शकले नाही.

भावजी माइकमध्ये अगदी सहज म्हणाले, "चुकून नाही. वहिनींना माहीत आहे."

मग म्हणाले, सगळ्यांनी चहा घ्या. आणि मला घेऊन मागच्या खोलीत आले. धाकटी तिथेच होती, त्यांचा उद्याचा शर्ट इस्त्री करत. मी दारातच बोलायला सुरुवात केली. मी तुमच्या भल्यासाठी, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, वगैरे. ते खुर्ची ओढून बसले आणि मला बसवलं.

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे, वहिनी. रोजच्या जिन्याची एक पायरी कमी झाली तर पायाला कळत नाही का?"

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला अजून हवंय. नाहीतर एवढा खटाटोप कशाला केला असता? म्हटलं, तुम्हाला हवंय तोवर गाऊ."

"मला हवंय? अहो, मी तुमच्यासाठी करत होते. स्टेज गेलं तर तुम्ही खचाल म्हणून."

भावजी धाकटीकडे बघायला लागले. धाकटी इस्त्री उभी करून ठेवून मटकन पलंगावर बसली आणि हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. ती म्हणाली, हे दोन वर्षांपूर्वीच थांबणार होते. दोन वर्षांपूर्वी! रोज म्हणायचे, वहिनींना कसं सांगू, त्यांचं काय राहील मग. मी कार्यक्रम किती आहेत विचारायला आले, तर तुम्ही तीन वाढवलेत.

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. ते मांजर मी. सकाळचा सूरसुद्धा हा माणूस मुद्दाम अर्ध्याने उतरवून लावत होता, मला बरं वाटावं म्हणून, आणि मी मास्तरांना आपोआप आपोआप सांगत होते. रागही आला, लाजही वाटली. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मला सांभाळत होते, आणि मी समजत होते की सांभाळणारी मी.

भावजी म्हणाले, उद्याचं गातो, दिलेला शब्द आहे. उन्हाळ्यातले तिन्ही होऊन गेलेच. उद्यानंतर नाही. मग म्हणाले, "उशिराचं गाणं कुठल्या पट्टीत गाऊ ते मात्र तुम्ही सांगा. दादाने ठेवलं होतं तिथे गा म्हणालात तर प्रयत्न करतो. पोचेन की नाही, सांगता येत नाही."

हे रेकॉर्डिंग म्हणजे ह्यांची गाणी कायमची राहणार ती याच रूपात. मला ती जागा हवी होती, टाच उचललेली. एक पूर्ण सूर वर, तिथेच. तोंडात शब्द आले होते. आणि समोर हा माणूस बसलेला, साठी उलटलेला, कपाळावर घाम, मी सांगीन ते करायला तयार. मी म्हणाले असते तर त्याने लोकांसमोर गळा फोडून घेतला असता आणि परत मला विचारलं असतं, झालं का मनासारखं?

मी म्हटलं, "गळ्याला जमतं तिथे गा. बाकीचं गाण्याचं गाणं बघून घेईल."

त्यांनी मान हलवली. बाहेर पडताना दारात थांबून म्हणाले, "गाणं थांबवतोय, वहिनी. बोलणं नाही."

असं का म्हणाले, कळलं नाही. बोलण्याचं मी कुठे काय म्हणाले होते?

१६ जून

काल झालं. चांगलं झालं. अचाट वगैरे नाही, चांगलं. उशिराचं गाणं खालच्या पट्टीत, शांतपणे, एखादा माणूस घरी पोचून बूट काढत असताना गुणगुणेल तसं गायले. संपल्यावर लोक उभे राहिले. विंगेत मी रडले, आणि हातात रुमालाऐवजी कार्यक्रमपत्रिका होती, तिचं वाट्टोळं झालं.

२३ जून

आठवडाभर फोन केला नाही. करायचा कशासाठी? सूर नको, तारखा नकोत, कारण काय सांगायचं? सकाळी चहा झाला की हात फोनकडे जातो, मी तो परत आणते. कपाटं आवरली. आवरलेली पुन्हा आवरली. जेवण जात नाही. ह्यांच्या वेळी झालं होतं तसं परत होतंय आणि या वेळी तर कुणी गेलेलंसुद्धा नाही. मग हे काय आहे?

फोन दोनदा वाजला. भावजींच्या घरचा नंबर. उचलला नाही. कामाशिवाय काय बोलायचं असतं, मला येत नाही.

२ जुलै

गोडबोल्याला फोन करून त्या मुलीला परवानगी दिली. अट एकच: पट्टी तिच्या गळ्याची, पण शिखराची जागा ह्यांनी ठेवली तशी बोटभर वरच, खाली आणायची नाही. तो इतका खूश झाला की त्याचं गोड बोलणंच आटलं. आणि मुलीला मी स्वतः कळवलं की मूळ जागा मला माहीत आहे, त्या दिवशी मी खोटं बोलले. ती आली. मी तिला गाऊन दाखवली. माझा आवाज म्हणजे फाटका पत्रा, पण जागा बरोबर होती. तिने ती पहिल्याच खेपेला उचलली. अंगावर काटा आला, आणि पाठोपाठ वाटलं, गाणं आता या घरातून गेलं. जाऊ दे. मुलींना आणि गाण्यांना घरात बसवून ठेवत नाहीत, असं हेच म्हणायचे; आम्हाला मुलगी नव्हती, म्हणून म्हणणं सोपं होतं.

तरी संध्याकाळी घर फार रिकामं वाटलं. गाणी गेली म्हणून नाही, हे मला नक्की कळतं. काय म्हणून, ते कळत नाही.

१९ जुलै

आज दुपारी दोघं न सांगता आली. धाकटीने आल्या आल्या माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, ताई, काय अवतार केलाय. भावजी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. मी चहा ठेवला, कप बशा विसळायला सिंककडे वळले. कुठे बघायचं ते कळत नव्हतं, म्हणून विसळत राहिले.

भावजी बोलायला लागले. दोघं मिळून पोहायला शिकतायत म्हणे. या वयात! धाकटी पहिल्याच दिवशी तरंगली, भावजी दगडासारखे तळाला. शिकवणारी पोरगी नातीच्या वयाची, ती काठावरून ओरडते, काका, पाण्याशी भांडू नका. मग कुणाचा चष्मा पाण्यात पडला, तो शोधायला सगळे म्हातारे बुड्या मारत बसले, आणि चष्मा ज्याचा त्याच्याच डोक्यावर होता.

महिन्यापूर्वी मी आधी गार पाणी आणि गळा यावर व्याख्यान दिलं असतं. आज मी पाठमोरी उभी होते, आणि मागे तो आवाज होता. "मग मी काय केलं," असं म्हणताना शेवट जरा ओढायचा, हसू आलं की वाक्य मध्येच सोडून द्यायचं, पुन्हा उचलताना "तर" म्हणायचं. माझे हात पाण्यात थांबले. मला ह्यांची आठवण आली नाही. हे ऐकू आले. माझ्या मागे, टेबलाशी, चहाची वाट बघत बसलेले.

इतकी वर्षं रोज सकाळी मी कशासाठी फोन करत होते, ते मला तेव्हा कळलं. आणि भावजींना ते किती आधीपासून कळलं होतं, तेही.

धाकटी उठली. माझ्या बाजूने हात घालून तिने वाहता नळ बंद केला, माझ्याकडे न बघता, आणि परत जाऊन बसली. आता सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. भावजींची गोष्ट संपली होती. मी वळले असते तर टेबलाशी भावजीच असणार होते, म्हणून मी वळले नाही.

"मग?" मी विचारलं.

भावजींनी घसा साफ केला आणि पोहण्याची ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली.